माझा शब्द कुणी पुरा करायचा नाही

मला बोलताना अडतं. ‘क’, ‘घ’, ‘प’ अशी काही अक्षरं आली की ती घशातच बसून राहतात, कितीही जोर लावला तरी बाहेर पडत नाहीत. ‘म’, ‘स’, ‘ल’ मात्र बिनतक्रार निघून जातात. असं का, हे मला कधी कळलं नाही आणि आता कळून घ्यायची गरजही उरलेली नाही.

मालवणच्या उत्तरेला समुद्राकाठी आमचं गाव. वडील मामलेदाराच्या कचेरीत कारकून होते आणि आई घरी असायची. मी एकटीच मुलगी. चार-पाच वर्षांची असताना माझं बोलणं अडखळायला लागलं आणि घरात उपायांची रांग लागली. वेखंड मधात उगाळून जिभेवर घासून झालं. देवळातल्या शंखातलं पाणी पिऊन झालं. कुणी सांगितलं म्हणून वडिलांनी नदीतला गुळगुळीत खडा आणून माझ्या जिभेखाली ठेवला आणि तो मी गिळेन या भीतीने तेच दिवसभर माझ्यामागे फिरत राहिले. वेखंडाने माझी जीभ सोलवटली तेव्हा आईने ते सगळं बाजूला ठेवलं. म्हणाली, “आता पुरे. तिका जेवताना झोंबता.”

उपाय थांबले, पण एक गोष्ट चालूच राहिली. मी बोलायला लागले की माझा शब्द दुसरंच कुणीतरी पुरा करायचं. यात वडील सगळ्यांत पुढे. मी ‘पा’ म्हटलं की ते पाण्याचा तांब्या पुढे करायचे, मला पाटी हवी असली तरी. मग मी निमूट पाणी प्यायची. दिवसाकाठी मी किती पाणी पीत असेन देव जाणे. वडिलांना माझा त्रास बघवायचा नाही. माझ्या गळ्याच्या शिरा ताणल्या की त्यांचाच चेहरा लाल व्हायचा. ती माया होती, यात शंका नाही. मलाही ती सोयीची होती. निम्मा शब्द मी बोलायचा, निम्मा त्यांनी.

एका दुपारी आम्ही जेवत होतो. मला कढी हवी होती आणि वडिलांनी माझ्या पानात केळं ठेवलं. मी ते सोलायला घेतलं. आई वाढता वाढता थांबली.

“तुका केळा व्हया होता?” तिने मला विचारलं.

मी मान हलवली. नाही.

“मगे खातंस कित्याक?”

आईने पळी खाली ठेवली आणि वडिलांकडे वळली. “आजपासून हिचो शब्द हिकाच पुरो करू देवा. मधे कोणी बोलूचा नाय.”

“अगो, पण तिका त्रास होता,” वडील म्हणाले.

“होऊ दे. शब्द तिचो आसा.”

मग तिने माझ्याकडे बघितलं आणि वाट पाहत राहिली. कढी वाटीत निवत होती. मी ‘क’वर अडकले, डोळे मिटले, मान वाकडी झाली. वडील पानाकडे बघत बसले. शेवटी एकदाची ‘कढी’ बाहेर आली आणि आईने पळीभर कढी वाढली, जणू मी पहिल्या झटक्यात मागितली होती.

तिची थांबायची रीत मला अजून आठवते. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची नाही. नारळ खोवत असेल तर खोवत राहायची, भात वैरत असेल तर वैरत राहायची. मधूनच नजर उचलून माझ्याकडे बघायची आणि परत हातातल्या कामाकडे. घाई नाही, कौतुक नाही, काळजीचा सुस्काराही नाही. सुरुवातीला मला या थांबण्याचा फार राग यायचा. वडील कचेरीतून यायची मी वाट बघायची, कारण आई पाठमोरी असली की ते अजूनही हळूच माझा शब्द पुरा करून टाकायचे.

मग आईने मला दुकानात पाठवायला सुरुवात केली. दुकान वाडीच्या टोकाला होतं. पहिल्या दिवशी तिने हातात बाटली दिली आणि घासलेट आणायला सांगितलं. मी मीठ घेऊन आले. “संपलं म्हणाले,” असं सांगितलं. काही दिवसांनी तिने गूळ आणायला धाडलं. मी पुन्हा मीठच आणलं. म्हटलं, गुळाला मुंग्या लागल्या होत्या. पोहे आणायचे होते तेव्हा साबण आणला. मला जे बोलता यायचं ते मी आणायची आणि उरलेलं दुकानातून गायब करून टाकायची.

एक दिवस आईने मिठाची बरणी उघडली. ती भरलेली. शेजारचं मडकं उघडलं. तेही भरलेलं. फडताळात आणखी दोन पुड्या. ती बराच वेळ त्या मिठाकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, आता मार बसणार. आणि अचानक तिला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून ती खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “अगो चेडवा, माशे खारवूचो धंदो काढतंस की काय?” ती म्हणाली. मग मलाही हसू आलं. दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हसत राहिलो.

हसणं ओसरल्यावर ती उठली. बाटली घेतली, माझा हात धरला आणि म्हणाली, “चल.”

दुकानाच्या अलीकडे, दगडी गडग्याजवळ ती थांबली. बाटली माझ्या हातात दिली. “मी हंयसर आसंय.” आत ती आली नाही.

दुकानदार मला बघताच म्हणाला, “काय गो, मीठ?” बाकावर बसलेले दोघेजण हसले. मी मागे वळून पाहिलं. आई गडग्याजवळ होती तिथेच होती. तिने मान हलवली नाही, हात केला नाही. मी पुन्हा दुकानदाराकडे वळले आणि ‘घ’शी झटायला लागले. घशातून नुसता आवाज येत होता, घुर्रर्र असा. बाकावरचे हसायचे थांबले, कारण ते फारच लांबलं. मग शब्द आला. दुकानदाराने बाटली भरली.

परतीच्या वाटेवर आई शाब्बास म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “बाटली सरळ धर, सांडतला.”

पाचवीत आम्हांला एक ख्रिस्ती बाई शिकवायच्या. त्यांचं माहेर गोव्यातलं. कडक इस्त्रीचं पातळ आणि अगदी मऊ आवाज. त्या रोज एकेका मुलाला उभं करून धडा वाचायला लावायच्या, आणि माझा नंबर आला की माझ्यावरून नजर फिरवून पुढच्या मुलीला उठवायच्या. वडिलांनी त्यांना तशी विनंती केली होती. मला ते मनापासून आवडलं होतं. आपला नंबर जवळ येतोय म्हणून मी पुढची मुलं बोटांवर मोजायला लागायची आणि मग बाई मला ओलांडून गेल्या की अंगावरून गार वारा गेल्यासारखं वाटायचं.

आईला हे कळलं ते सहज बोलता बोलता. तिने विचारलं, “या आठवड्यात खंयचो धडो वाचलंस?” मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. मी वर्गाच्या दाराआड उभी होते. आई शाळेत आली की जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायची.

“मुलं हसतात हो,” बाई म्हणत होत्या. “तिचा चेहरा बघवत नाही. तिच्या वडिलांनीही सांगितलं होतं.”

“मलाही बघवत नाही,” आई म्हणाली. “मुलं हसतील. हसून हसून दमतील. पण बाई, तुम्ही तिला ओलांडून पुढे जाऊ नका. ती वर्गात आहे.”

बाईंनी हातातलं पुस्तक मिटलं. “तिला खूप वेळ लागेल.”

“लागू दे. एकच ओळ वाचू दे. पण ती तिने वाचली पाहिजे.”

पुढच्याच दिवशी बाईंनी मला उभं केलं. त्या ओळीत पहिलाच शब्द ‘पावसाळा’ होता. काय झालं ते सविस्तर सांगत नाही. मागच्या बाकावरून खुसखुस सुरू झाली, मग एका मुलाने माझी हुबेहूब नक्कल केली आणि सगळा वर्ग हसला. बाईंनी डस्टर टेबलावर आपटून त्यांना गप्प केलं, पण मला बसायला सांगितलं नाही. ती ओळ मी संपवली. खाली बसले तेव्हा पोलक्याची पाठ घामाने भिजली होती.

घरी येऊन दप्तर पडवीत फेकलं. आई चुलीपाशी होती. मी दारातूनच ओरडले, “तू माझी आई न्हय! तू वाईट आसंस!”

एकही अक्षर न अडता मी हे बोलले होते. रागात असताना मला कधीकधी बोलणं साधायचं. आईच्या हातातला चिमटा तसाच राहिला. तिला ते लागलं, हे मला दिसलं, आणि मला बरं वाटलं.

“माझ्यार राग कर,” ती म्हणाली. “करूकच व्हयो. पण हातपाय धू आणि जेवक ये.”

मी जेवायला गेले नाही. मागच्या दारी पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने ती आली, माझ्या शेजारी बसली. समजूत घातली नाही की डोक्यावरून हात फिरवला नाही. बऱ्याच वेळाने विचारलं, “कोण कोण हसला?”

मी एकेकाचं नाव सांगत गेले. एकेका नावाला वेळ लागत होता. तिने सगळी ऐकून घेतली. त्यांतली निम्मी पोरं आमच्या अंगणात खेळायला यायची, हे तिला ठाऊक होतं. ‘ती पोरंच वाईट’ असं ती म्हणाली नाही, आणि ‘एवढं काय मनावर घ्यायचं’ असंही म्हणाली नाही.

“वाईट वाटला मा?”

“होय.”

“वाटतलाच,” ती म्हणाली. आणि मग मला जवळ ओढलं. मी तिच्या मांडीत तोंड खुपसून रडले. रडणं संपेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, “आता जेव. उद्या दुसरी ओळ आसा.”

दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ होती, तिसऱ्या दिवशी तिसरी. मुलं हसायची खरोखरच थांबली की मलाच त्यांचं हसणं कमी ऐकू यायला लागलं, सांगता येत नाही. नक्कल करणारा मुलगा मात्र वर्षभर नक्कल करत राहिला. सगळंच काही सुधारत नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कुणकेश्वरच्या माझ्या मावशीचा पाय मुरगळला. तिला अंगावरचं पोर होतं. हाताशी कुणीतरी हवं म्हणून तिने मला बोलावलं. वडिलांना रजा मिळेना. आई म्हणाली, “गाडी थेट जाता. ती एकटी जातली. थंय तिचो काको थांब्यार येतलो.”

वडिलांनी मला गाडीत बसवून दिलं. त्यांचा हात खिडकीच्या गजावरून निघत नव्हता. गाडी सुटली आणि कंडक्टर माझ्यापाशी आला. “खंय?”

एक गोष्ट आईच्या लक्षात आली नव्हती, आणि माझ्याही. दुकानात मी एकाच्या जागी दुसरं काही मागू शकत होते. गावाचं नाव बदलता येत नाही. मला ‘कुणकेश्वर’ म्हणायचं होतं, आणि ‘कु’ निघेना. मागे माणसं खोळंबली होती. कंडक्टर हातातला तिकिटाचा चिमटा टिकटिक वाजवत होता. “सांग गो लवकर!” मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “मिठबाव.”

तिकीट मिळालं. मिठबाव आलं तेव्हा त्याने मला आवाज दिला, आणि तिकीट तिथलंच असल्यामुळे मी उतरले. गाडी धुरळा उडवत निघून गेली. माझ्या हातात कपड्यांची पिशवी आणि मावशीसाठी दिलेली कोकमाच्या सोलांची पुडी.

मी चालायला लागले. समुद्र डाव्या हाताला ठेवला की कुणकेश्वर येणार, एवढं मला माहीत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चालता चालता मी मोठ्याने म्हटलं, “कुणकेश्वर.” आलं! पुन्हा म्हटलं. पुन्हा आलं. एकटी असले की मला काहीच अडायचं नाही. काजूच्या झाडांना, दगडांना, कुंपणावरच्या सरड्याला मी ‘कुणकेश्वर, कुणकेश्वर’ सांगत निघाले. मग वळणावर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई भेटली. रस्ता विचारायला तोंड उघडलं, आणि ‘कु’ परत घशात जाऊन बसला. तिला वाटलं, मी घाबरले आहे. मोळी खाली ठेवून तिने मला पाणी पाजलं, आणि माझा शब्द पुरा होईपर्यंत थांबली. त्या दिवशी तरी तिला कसली घाई नसावी.

मी पोचले तेव्हा मावशीच्या घरी रडारड चालू होती. गाडी येऊन गेली होती आणि काकांना मी सापडले नव्हते. मावशी लंगडतच दारात आली, मला पोटाशी धरलं, माझे पाय कोमट पाण्याने धुतले.

सुट्टी संपल्यावर काका मला घरी सोडायला आले आणि सगळी हकिकत त्यांनी सांगितली. वडिलांनी आवाज चढवलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. “तुझ्या हट्टापायी चेडू हरवला असता माझा!”

आई खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती माझ्यासमोर बसली. “मिठबाव सोपा म्हणान सांगलंस?”

मी मान डोलावली.

“माझा चुकला,” ती म्हणाली. वडिलांना नव्हे, मला म्हणाली. “त्या नावाचा माझ्या ध्यानात इला नाय. इला असता तर पहिल्यांदा मी तुझ्यावांगडा इलंय असतंय.” घरात मोठं माणूस लहानाला असं काही म्हणतं, हे मला ठाऊक नव्हतं.

“म्हणजे आता पुन्हा नाय,” वडील म्हणाले.

“म्हणजे आता आमी दोघी जातलंव,” आई म्हणाली.

आणि खरंच, पुढच्या रविवारी मावशीचा पाय बघायला आम्ही निघालो. गाडी भरलेली होती. आई मुद्दाम माझ्या मागच्या बाकावर बसली. कंडक्टर तिच्याकडे आला तेव्हा तिने फक्त स्वतःचं तिकीट घेतलं, तेही गावाचं नाव हळू बोलून. मग तो माझ्याकडे आला.

“खंय?”

‘कु’वर मी थांबले. शेजारच्या माणसाला माझी दया आली. “कुडाळ?” त्याने विचारलं. पुढून एक म्हातारा म्हणाला, “कुडाळ कसा, ही गाडी थंय जाणा नाय. तिका काळसे म्हणूचा आसात.” कुणीतरी कणकवली सुचवलं. आख्खी गाडी माझ्यासाठी ‘क’ची गावं शोधायला लागली. माझे कान तापले. ‘म’ जिभेच्या टोकावर येऊन उभा होता, बोलावलं की लगेच धावला असता.

मागून आईचा आवाज आला. “थांबा. ती सांगतली.”

कंडक्टर मागे वळला. “तुमचा चेडू? मगे तुमीच सांगा.”

“माझा तिकीट मी काढलंय. तिचा ती सांगतली. तुमका वेळ नसलो तर फुडची तिकिटा फाडून येवा.”

तो गेला नाही. काय वाटलं त्याला कोण जाणे, चिमटा वाजवायचा थांबला, समोरच्या बाकाच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, “सांग बाय. सावकाश सांग.”

गाडी गप्प झाली. नुसतं इंजिन घरघरत होतं. मी श्वास सोडला, परत घेतला. ‘कु’ एकदा आला, दोनदा आला, तीनदा आला, आणि मग पाठोपाठ सगळं नाव घरंगळत आलं. कुणकेश्वर. एवढंच नाही, त्याच भरात मी पुढे म्हणाले, “अर्धा तिकीट.”

“अर्धाच देतंय,” कंडक्टर हसून म्हणाला आणि तिकीट फाडलं. शेजारच्या माणसाने थोडं सरकून मला नीट बसायला जागा दिली. मी मागे वळून आईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललं असावं अशी.

माझं अडखळणं गेलं नाही. पण त्यानंतर सोपं म्हणून दुसरं गाव मी कधी सांगितलं नाही. मॅट्रिक झाले आणि शिक्षिका व्हायचं ठरवलं. वडिलांनी काळजीने नुसतं आईकडे बघितलं. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, “तुम्ही वर्गात बोलणार कशा?” मी म्हटलं, “आता बोलते तशी.” हे म्हणायलाही मला वेळ लागला. त्यांनी वाट पाहिली आणि मला घेतलं.

साठचं दशक सरत आलं होतं. पहिली नेमणूक आंबोलीजवळच्या शाळेत मिळाली. तिथला पाऊस म्हणजे कौलांवर सतत कुणी खडे ओततंय असा आवाज. पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगून टाकलं की मला बोलताना अडतं, आणि अडलं की त्यांनी थांबायचं. मुलं थांबायची. पावसामुळे त्यांना माझं निम्मं बोलणं ऐकूच यायचं नाही, तो भाग वेगळा.

आई मला बघायला आली ती श्रावणात. दोन दिवस राहिली. माझे ओले कपडे चुलीवर धरून सुकवले, भिंतीला आलेली बुरशी पुसली. संध्याकाळी पेज पिताना मी तिला विचारलं, “आई, तुका माझी दया नाय इली कधी?”

“इली तर! रोज इली,” ती म्हणाली. “दया आणि भीती, दोनी.” पेजेत मीठ आहे का ते तिने चाखून पाहिलं. “बरोबर करतंय की चूक, ता माका कधीच कळला नाय गो. तुझे बाबा रात्री म्हणत, तू कठोर आसंस. माकाय वाटा, आसंय काय मी तशी? पण सकाळी तू उठलंस की परत वाटा, ह्या चेडवाक उद्या आपण नसतलंव.”

दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवायला मी थांब्यावर गेले. धुकं इतकं होतं की गाडी आवाजावरूनच कळली. ती चढली, खिडकीपाशी बसली, आणि मला जेवणाबद्दल, कांबळ्याबद्दल, पावसात न भिजण्याबद्दल एकामागून एक सूचना देत राहिली. गाडी हलली तेव्हा तिचे डोळे भरून आले. मी ते पाहिलं, हे तिच्या लक्षात आलं.

“हंयची हवा थंड आसा,” ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

गाडी घाटाकडे वळली. मी शाळेकडे चालू लागले, घंटा व्हायला आली होती.